वाचकांचे प्रश्न : मॉडेल जमिनीवर बसवताना

इमारती, पूल आणि रस्ते यांची मॉडेलं खऱ्या जमिनीवरच्या जागेशी जुळवताना येणाऱ्या अडचणींचे प्रश्न या अंकात एकत्र घेतले आहेत. त्यातले बरेचसे साइटवर आखणी सुरू झाल्यानंतर आले आहेत. ते वाचून हळहळ वाटते, कारण हेच प्रश्न कामाच्या पहिल्या आठवड्यात विचारले असते तर अर्ध्या तासात मिटले असते.

प्रश्न : सर्व्हेअरने दिलेलं ड्रॉइंग यूटीएममध्ये (झोन पाडून मीटरांत मोजणाऱ्या जागतिक ग्रिडमध्ये) आहे. रेव्हिटमध्ये (इमारतीची मॉडेलं करण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये) लिंक केलं की भूमिती आरंभबिंदूपासून फार दूर असल्याची सूचना येते. तसंच दामटून काम केलं तर भिंतींच्या कडा थरथरतात, हॅच तुटक दिसतं, स्नॅप भलतीकडे लागतो. काय करावं? — एक वास्तुरचनाकार

उत्तर : आधी थरथरीचं कारण पाहू, म्हणजे उपाय पाठ करावा लागणार नाही. पडद्यावर चित्र उमटवणारं ग्राफिक्स कार्ड बहुधा ३२ बिटांच्या संख्या वापरतं. अशा संख्येत जेमतेम सात अंक विश्वासाने मावतात. समजा साइटचं नॉर्दिंग, म्हणजे उत्तरेकडचं अंतर, ४९८४११० मीटर आहे. एवढ्या मोठ्या आकड्याजवळ ३२ बिटांच्या दोन लागोपाठच्या संख्यांमध्ये अर्ध्या मीटरचं अंतर पडतं. मग २०० मिलिमीटर जाडीच्या भिंतीच्या दोन्ही बाजू एकतर एकाच रेषेवर येतात, नाहीतर अर्धा मीटर लांब जातात. पाच लाखांच्या आसपासच्या ईस्टिंगलाही, म्हणजे पूर्वेकडच्या अंतरालाही, ही पायरी ३१ मिलिमीटरची असते. ६४ बिटांत मात्र तीच पायरी मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाएवढी होते. म्हणून सर्वेक्षणाची सॉफ्टवेअर मोठे निर्देशक, म्हणजे जागा सांगणारे असे आकडे, निभावून नेतात. इमारतीच्या मॉडेलची तशी घडण नाही. रेव्हिटला त्याच्या अंतर्गत आरंभबिंदूपासून सुमारे १६ किलोमीटरच्या आतच भूमिती चालते.

त्यामुळे मॉडेल आरंभबिंदूजवळच ठेवायचं आणि त्याला जमिनीवरचा पत्ता स्वतंत्रपणे द्यायचा.

लिंक करण्याआधी मूळ डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची ड्रॉइंग फाइल) उघडून 'झूम एक्स्टेंट्स' द्या. साइट टाचणीच्या टोकाएवढी दिसली तर शून्य-शून्यजवळ कुठेतरी भटका बिंदू, विसरलेला ब्लॉक किंवा शीर्षकपट्टी पडलेली आहे. ड्रॉइंगचा विस्तारच पाच हजार किलोमीटर झाला की सूचना येणारच. ते पुसा, पर्ज करा, फाइल पुन्हा साठवा. साइट उचलून शून्यावर आणायचा मोह मात्र टाळा. ती एकदा हलली की मूळ निर्देशक गेले, आणि नेमकी किती हलवली हे महिन्याभराने कोणालाच आठवत नाही.

आता फक्त साइटसाठी एक स्वतंत्र रेव्हिट फाइल करा. तिच्यात ड्रॉइंग लिंक करताना एकक 'मीटर' असं स्वतः निवडा, ते ओळखण्याचं काम सॉफ्टवेअरवर सोडू नका. पोझिशनिंगला 'सेंटर टू सेंटर' द्या. मग लिंक सरकवून आणि फिरवून, ड्रॉइंगवर आखलेला ए-१ ग्रिडचा (खांबांच्या आखणीरेषांचा) छेद मॉडेलच्या ए-१ वर आणि दुसरा दूरचा छेद त्याच्या जोडीदारावर बसवा. एलिव्हेशनमध्ये जाऊन उंचीही जुळवा. त्यानंतर 'मॅनेज' टॅबमधून 'अ‍ॅक्वायर कोऑर्डिनेट्स' घेऊन लिंकवर क्लिक करा. ड्रॉइंगचा आरंभबिंदू, उत्तर दिशा आणि उंची या तिन्ही गोष्टी फाइल उचलते.

ड्रॉइंग हाताशी नसेल आणि ए-१ चे निर्देशक कागदावर मिळाले असतील, तर 'स्पेसिफाय कोऑर्डिनेट्स अ‍ॅट पॉइंट' वापरा. नॉर्दिंग, ईस्टिंग, उंची आणि खऱ्या उत्तरेचा कोन हे चार आकडे भरले की झालं.

अ‍ॅक्वायर केल्यावर सर्व्हे पॉइंट कधीकधी ड्रॉइंगच्या शून्यावर, म्हणजे हजारो किलोमीटर दूर जाऊन बसतो. घाबरू नका. त्याची क्लिप काढा आणि त्याला साइटवरच्या एखाद्या कंट्रोल पॉइंटवर (सर्व्हेअरने निर्देशक काढून पक्क्या केलेल्या खुणेवर) आणून ठेवा. क्लिप काढलेली असताना फक्त खूण सरकते. क्लिप लावलेली असताना तोच बिंदू ओढला तर सगळी सामाईक निर्देशक पद्धतीच सरकते. आठ महिने नीट चाललेलं मॉडेल एके दिवशी अचानक साडेतीन मीटर बाजूला का गेलं, याचं उत्तर बहुतेक वेळा या एका क्लिपमध्ये सापडतं. म्हणून हे बिंदू जागेवर बसले की त्यांना पिन मारा.

मग पडताळणी. जुळवण्यासाठी न वापरलेल्या तिसऱ्या बिंदूवर 'स्पॉट कोऑर्डिनेट' ठेवा. त्याच्या टाइप प्रॉपर्टीत आरंभ 'सर्व्हे पॉइंट' आहे ना ते आधी पाहा. 'प्रोजेक्ट बेस पॉइंट' असेल तर सगळे आकडे चूक वाटतील आणि बरोबर बसलेलं मॉडेल तुम्ही बिघडवून ठेवाल. फरक ५ मिलिमीटरच्या आत आला की स्ट्रक्चर, प्लंबिंग आणि विजेच्या मॉडेलांनी याच साइट फाइलमधून निर्देशक अ‍ॅक्वायर करावेत. देणारी फाइल एक आणि बाकीच्या घेणाऱ्या, हा नियम मोडला की कोणाचं खरं यावरून बैठका सुरू होतात.

प्रश्न : कंत्राटात 'निर्देशक डब्ल्यूजीएस ८४ मध्ये द्यावेत' एवढंच लिहिलं आहे. यादीत त्या नावाची शंभरेक कलमं दिसतात. कोणतं निवडायचं? — सिव्हिल थ्रीडी या रस्ते आणि जमिनीच्या रचनेच्या सॉफ्टवेअरवर काम करणारी एक अभियंता

उत्तर : 'डब्ल्यूजीएस ८४' हे डेटमचं नाव आहे. पृथ्वीचा आकार कोणता मानला आणि तो कुठे बसवला, एवढंच त्यातून कळतं. अंश, मीटर, झोन आणि उंची याबद्दल ते काहीच सांगत नाही. कंत्राटात ईपीएसजी या जागतिक नोंदवहीचा कोड मागा. या नोंदवहीत प्रत्येक निर्देशक पद्धतीला एक क्रमांक आहे आणि त्या क्रमांकामागे डेटम, प्रक्षेपण, एकक, अक्षांचा क्रम हे सगळं पक्कं बांधलेलं आहे.

४३२६ हा कोड अक्षांश-रेखांशाचा आहे. त्यात रचना करता येत नाही, कारण एक अंश रेखांश विषुववृत्तावर सुमारे १११ किलोमीटर असतो आणि ६० अंश अक्षांशावर त्याच्या निम्मा. शिवाय या कोडच्या व्याख्येत अक्षांश आधी येतो, तर पुष्कळ सॉफ्टवेअर रेखांश आधी लिहितात. बिंदू समुद्रात जाऊन पडला की आधी ही अदलाबदल तपासा.

३८५७ हा वेबवरच्या नकाशांचा कोड, आणि तो त्याहून धोक्याचा. त्याची एककं मीटर दिसतात, पार्श्वभूमीचा उपग्रह नकाशा झकास बसतो, सगळं छान चाललंय असं वाटतं. पण त्यातली लांबी अक्षांशानुसार फुगते. ४५ अंशांवर १०० मीटरची इमारत सुमारे १४१ मीटर भरते, ६० अंशांवर २०० मीटर. त्या नकाशावर मोजून काढलेलं कोणतंही माप रचनेत घेऊ नका.

देशाची किंवा राज्याची अधिकृत ग्रिड असेल तर पहिला मान तिला. नसेल तर यूटीएम. झोन काढणं सोपं आहे : पूर्व रेखांशात १८० मिळवा, ६ ने भागा, अपूर्णांक सोडून द्या आणि १ मिळवा. साइट १०.५ अंश पूर्वेला असेल तर १९०.५ भागिले ६ म्हणजे ३१.७५, म्हणून झोन ३२. त्याचं मध्य रेखावृत्त ९ अंश पूर्व. उत्तर गोलार्धात डब्ल्यूजीएस ८४ यूटीएमचे कोड ३२६ ने सुरू होतात आणि पुढे झोन येतो, म्हणजे ३२६३२. दक्षिणेत ३२७. दक्षिण गोलार्धात नॉर्दिंगला एक कोटी मीटरची भर असते. ती निसटली की साइट थेट विषुववृत्तापलीकडे जाते. चूक एवढी ढोबळ असल्यामुळे लगेच सापडते, ही त्यातली बरी बाजू.

सिव्हिल थ्रीडीत हा कोड 'ड्रॉइंग सेटिंग्ज'च्या 'युनिट्स अँड झोन' टॅबमध्ये लावतात. रिकाम्या ड्रॉइंगमध्ये तो आधी लावा आणि मग बिंदू आणा. इथे एक गैरसमज फार पसरलेला आहे. झोन बदलला की आधीच असलेल्या रेषा नव्या झोनमध्ये जाऊन बसतील असं लोक धरून चालतात, पण त्या जागच्या हलत नाहीत. डब्यावरची चिठ्ठी बदलली म्हणून आतली डाळ बदलत नाही. रूपांतर हवं असेल तर स्रोत ड्रॉइंगला तिचा खरा कोड लावा, नव्या कोडच्या दुसऱ्या ड्रॉइंगमध्ये मॅप क्वेरीने भूमिती आणा, आणि एका ज्ञात बिंदूवर आकडे ताडून पाहा.

प्रश्न : नदीवरच्या पुलाची दोन टोकं मॉडेलमध्ये १२०० मीटरवर आहेत. टोटल स्टेशनने (कोन आणि अंतर मोजणाऱ्या यंत्राने) मोजल्यावर सुमारे ६० सेंटिमीटर जास्त भरतात. यंत्राचं कॅलिब्रेशन नुकतंच झालं आहे. चूक कोणाची? — पुलाच्या कामावरचा एक साइट इंजिनिअर

उत्तर : चूक कोणाचीच नाही. मॉडेल ग्रिडवरचं अंतर सांगतं आणि टोटल स्टेशन जमिनीवरचं. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत, फक्त एकमेकांशी जोडलेले नाहीत.

गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवताना लांबी कुठेतरी कमी-जास्त करावीच लागते. यूटीएममध्ये मध्य रेखावृत्तावर प्रमाण ०.९९९६ धरलेलं आहे, म्हणजे किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी. रेखावृत्तापासून सुमारे १८० किलोमीटरवर ते १ होतं आणि पुढे वाढत जातं. दुसरा भाग उंचीचा. ग्रिड एलिप्सॉइडच्या, म्हणजे पृथ्वीसाठी मानलेल्या गुळगुळीत चपट्या गोलाच्या, पृष्ठभागावर मोजते आणि तुमची साइट त्याच्या वर आहे. साइट ६०० मीटर उंचीवर असेल तर ६३७१००० भागिले ६३७१६०० म्हणजे ०.९९९९०६. दोन्हींचा गुणाकार ०.९९९५०६. जमिनीवरच्या १२०० मीटरचे ग्रिडवर ११९९.४०७ मीटर होतात. उलट बाजूने, ग्रिडवर १२०० काढलेत तर जमिनीवर १२००.५९३ भरतात. तुमचे ६० सेंटिमीटर हेच.

गर्डर कारखान्यात खऱ्या मापाचे तयार होतात. खांब ग्रिडच्या निर्देशकांवरून आखले, तर ४० मीटरच्या प्रत्येक गाळ्यात २ सेंटिमीटरचा फरक पडतो. बेअरिंगच्या जागेत तेवढा वाव असेलच असं नाही.

उपाय दोन. एक, मॉडेल ग्रिडमध्येच ठेवायचं आणि टोटल स्टेशनमध्ये एकत्रित प्रमाण (वरचा गुणाकार) भरायचं, म्हणजे यंत्र ग्रिडचं अंतर जमिनीवर बदलून देतं. रस्त्याच्या कामाला हे ठीक आहे. पुलाला नाही, कारण रचनाकाराने काढलेला ४० मीटरचा गाळा जमिनीवर ४०.०२० होतो. दोन, पुलासाठी प्रमाण १ असलेली स्थानिक ग्रिड करायची, एका कंट्रोल पॉइंटभोवती, आणि तिथून यूटीएमकडे जाण्याचं गणित कागदावर लिहून ठेवायचं. पुलाला आम्ही दुसराच मार्ग सुचवू.

एक गोष्ट मात्र कृपा करून करू नका. काही जण संपूर्ण ड्रॉइंग शून्य-शून्यभोवती १.०००४९४ ने मोठं करतात. अंतरं बरोबर होतात, पण ४९ लाखांचं नॉर्दिंग सुमारे अडीच किलोमीटर उत्तरेला सरकतं. आकडे दिसायला अजून यूटीएमसारखेच असतात, म्हणून कोणाला शंका येत नाही, आणि ती फाइल जलवाहिनीच्या सल्लागाराकडे जाते. प्रमाण लावायचंच तर साइटवरच्या बिंदूभोवती लावा आणि निर्देशकांचे पुढचे अंक कापून टाका. ६१८२४०, ४९८४११० चं ८२४०, ४११० करा. आकड्यांच्या लांबीवरूनच ही स्थानिक ग्रिड आहे हे ओळखू आलं पाहिजे.

प्रश्न : मॉडेल ड्रोनच्या ऑर्थोफोटोवर (मापाला धरून सरळ केलेल्या हवाई छायाचित्रावर) एका कोपऱ्यात अचूक बसतं, पण दुसऱ्या टोकाला नऊ मीटर बाजूला जातं. — एक बीआयएम (इमारतीच्या माहिती-मॉडेलचा) समन्वयक

उत्तर : कोपरा जुळतो आणि टोक जुळत नाही, म्हणजे जागा बरोबर आहे आणि दिशा चुकली आहे. तुमच्या साइटची लांबी ५०० मीटर आहे असं पत्रात आहे. नऊ मीटरला एक अंशाच्या जरा वरचा कोन लागतो, आणि हा कोन ओळखीचा आहे : ग्रिड उत्तर आणि खरी उत्तर यांच्यामधला.

मध्य रेखावृत्त सोडलं तर यूटीएमच्या उभ्या रेषा ध्रुवाकडे जात नाहीत. फरक ढोबळ मानाने असा काढतात : साइटचा रेखांश वजा मध्य रेखावृत्त, गुणिले अक्षांशाचा साइन. १.५ अंश गुणिले साइन ४५ म्हणजे १.०६ अंश. ५०० मीटरवर ९.२६ मीटर.

रेव्हिटमध्ये 'ट्रू नॉर्थ' या नावाखाली जे भरतो ते सामाईक पद्धतीच्या नॉर्दिंग अक्षाची दिशा ठरवतं. यूटीएम वापरत असाल तर तिथे ग्रिड उत्तर भरायची, नाव काहीही असो. सूर्यप्रकाशाच्या अभ्यासाला एक-दीड अंशाने काही बिघडत नाही. आखणीला बिघडतं. होकायंत्रावरून घेतलेली उत्तर तर या दोन्हींहून तिसरीच असते आणि वर्षागणिक सरकते. जुन्या नकाशावरचा बाण पाहून कोन टाकू नका. दोन कंट्रोल पॉइंटच्या निर्देशकांवरून काढा.

प्रश्न : जीएनएसएसने (उपग्रहांवरून जागा काढणाऱ्या यंत्राने) घेतलेल्या उंच्या आणि बेंचमार्कवरून (ज्ञात उंचीच्या खुणेवरून) आलेले आरएल (समुद्रसपाटीपासूनच्या उंच्या) यांत ४२ मीटरचा फरक येतो. सगळ्या बिंदूंना ४२ मिळवले तर चालेल का? — एक सर्व्हेअर

उत्तर : छोट्या साइटवर कदाचित चालेल, पण आधी तो फरक कशाचा आहे हे समजून घ्या. उपग्रहावरून मिळते ती एलिप्सॉइडपासूनची उंची. बेंचमार्कची उंची असते समुद्रसपाटीशी जोडलेल्या जिऑइडपासून. या दोन पृष्ठभागांमधलं अंतर जगभर सारखं नाही. हिंदी महासागरात जिऑइड एलिप्सॉइडच्या १०० मीटरहून जास्त खाली आहे, तर न्यू गिनीजवळ ८० मीटरहून वर. नातं सरळ आहे : एलिप्सॉइडची उंची म्हणजे आरएल अधिक जिऑइडचं अंतर. तुमच्याकडे ते अंतर उणे ४२ आहे. यंत्राने १८.३५ दाखवलं तर आरएल ६०.३५.

हे अंतर साइटभर बदलत जातं. काही किलोमीटर लांबीच्या कामात ते कित्येक सेंटिमीटर बदलू शकतं, आणि गटाराच्या उताराला तेवढं पुरेसं आहे. म्हणून एकच स्थिरांक न लावता जिऑइड मॉडेल लावा. देशाचं स्वतःचं असेल तर ते, नसेल तर ईजीएम २००८ हे जागतिक मॉडेल. मग किमान तीन-चार बेंचमार्कवर तपासा आणि उरलेला फरक जुळवून घ्या. आरटीके (उडतानाच जागेची दुरुस्ती घेणाऱ्या) ड्रोनच्या फोटोंत सहसा एलिप्सॉइडची उंची असते, तेव्हा पॉइंट क्लाउड (त्यांवरून बनलेला बिंदूंचा संच) घेताना पहिला प्रश्न हाच विचारा.

मिळवायचं की वजा करायचं, हे दोनदा तपासा. जर्मनी आणि स्वित्झर्लंड यांच्या मधोमध ऱ्हाइन नदीवर लाउफेनबुर्ग इथे पूल बांधताना दोन्ही देशांच्या उंचीच्या पायात २७ सेंटिमीटरचा फरक आहे, हे सगळ्यांना माहीत होतं. दुरुस्ती धरलीही होती, पण चिन्ह उलटं पडलं. २००३ मध्ये दोन बाजूंत ५४ सेंटिमीटरचा फरक निघाला. माहिती असूनही चूक झाली, ती फक्त चिन्हाची. म्हणून कागदावर आकडा न लिहिता पूर्ण वाक्य लिहा : 'जीएनएसएसच्या उंचीत ४२.०० मीटर मिळवले की आरएल येतो.'

प्रश्न : आयएफसी फाइल (सॉफ्टवेअरांमध्ये मॉडेलची देवाणघेवाण करण्याची फाइल) दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की इमारत कधी शून्यावर येते, कधी आडवी फिरते. फाइलमध्ये नेमकं काय पाहायचं? — एक बीआयएम मॉडेलर

उत्तर : फाइल साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये उघडा आणि दोन नोंदी शोधा : 'इफ्क प्रोजेक्टेड सीआरएस' आणि 'इफ्क मॅप कन्व्हर्जन'. पहिलीत ईपीएसजी कोड आणि उंचीचा डेटम असतो, दुसरीत मॉडेलपासून नकाशापर्यंतचं गणित. दोन्ही नोंदी आयएफसी ४ पासून आल्या. तुम्ही २x३ मध्ये निर्यात करत असाल तर त्या नसणारच. तिथे साइटचे अक्षांश-रेखांश मिळतात, पण इमारत कोणत्या शहरात आहे हे कळण्यापलीकडे त्यांचा भरवसा धरू नये. पुष्कळदा ते सॉफ्टवेअरच्या मूळ सेटिंगमधलेच राहिलेले असतात.

मॅप कन्व्हर्जनमध्ये ईस्टिंग, नॉर्दिंग, उंची, एक्स अक्षाचे दोन घटक आणि प्रमाण असे सहा आकडे येतात. एक उदाहरण हाताने सोडवून पाहू, कारण एकदा हाताने केलं की फाइल वाचता येते. ईस्टिंग ६१८२४०, नॉर्दिंग ४९८४११०, घटक ०.८६६०२५४ आणि ०.५, प्रमाण ०.००१. घटक म्हणजे कोनाचे कोसाइन आणि साइन, तेव्हा मॉडेलचा एक्स अक्ष पूर्वेकडून घड्याळाच्या उलट दिशेने ३० अंश वळलेला आहे. प्रमाण ०.००१ आहे, कारण मॉडेल मिलिमीटरमध्ये आणि नकाशा मीटरमध्ये. मॉडेलमधला ६००००, २०००० हा कोपरा घ्या.

पूर्वेकडे : ६० गुणिले ०.८६६०२५४ वजा २० गुणिले ०.५, म्हणजे ४१.९६२.
उत्तरेकडे : ६० गुणिले ०.५ अधिक २० गुणिले ०.८६६०२५४, म्हणजे ४७.३२१.

कोपऱ्याचे निर्देशक ६१८२८१.९६२ आणि ४९८४१५७.३२१. सर्व्हेअरने आखलेल्या कोपऱ्याशी हे जुळले की फाइल बरोबर. इमारत ६० अंश फिरलेली दिसली तर कोनाचं चिन्ह उलटं लागलं आहे. एका बाजूला ३० ऐवजी दुसऱ्या बाजूला ३० गेलं की फरक ६० होतो. दुपटीचा हा ठसा ओळखायला शिका. इमारत बिंदूवर बरोबर बसली पण डोंगराएवढी दिसली, तर प्रमाण १ राहिलं आहे.

आणखी एक. कधीकधी निर्यात करताना मोठे निर्देशक थेट साइटच्या प्लेसमेंटमध्येही लिहिले जातात आणि मॅप कन्व्हर्जनमध्येही. उघडणारं सॉफ्टवेअर दोन्ही मिळवतं आणि नॉर्दिंग एक कोटीच्या घरात जातं. प्लेसमेंट शून्याजवळ ठेवा, पत्ता एकाच ठिकाणी लिहा.

प्रश्न : अमेरिकन सल्लागाराचं ड्रॉइंग फुटांत आहे. सगळं जुळतं, फक्त एक मीटरहून थोडं जास्त सरकलेलं आहे. — एक ड्राफ्ट्समन

उत्तर : फूट दोन आहेत. आंतरराष्ट्रीय फूट नेमका ०.३०४८ मीटर. अमेरिकेचा सर्व्हे फूट १२०० भागिले ३९३७ मीटर. फरक दहा लाखांत दोन, पण निर्देशक २० लाख फुटांचा असेल तर ४ फूट, म्हणजे १.२२ मीटर. सर्व्हे फूट २०२२ च्या अखेरीला अधिकृतपणे निवृत्त झाला, तरी जुन्या ड्रॉइंगमध्ये तो आहेच. तुमच्या फाइलमधलं एकक बदला, ड्रॉइंग सरकवू नका.

प्रश्न : ७० किलोमीटरचा रस्ता दोन यूटीएम झोनमध्ये विभागला जातो. मॉडेल दोन करायचे का? — महामार्ग रचनेतील एक अभियंता

उत्तर : नको. झोनच्या सीमेवर निर्देशक अचानक लाखो मीटरने बदलतात. तिथे अलाइनमेंटची साखळी, म्हणजे चेनेज, जोडत बसणं हे वर्षभराचं दुखणं होतं. एकच झोन सीमेपलीकडे ताणता येतो, पण काठावर विषुववृत्ताजवळ प्रमाण सुमारे १.००१ होतं, म्हणजे किलोमीटरला एक मीटर.

स्वतःचं ट्रान्सव्हर्स मर्केटर प्रक्षेपण (यूटीएम ज्यावर बेतलेलं आहे तेच) करा. मध्य रेखावृत्त रस्त्याच्या मधोमध घ्या. प्रमाण सरासरी उंचीवरून काढा : ६०० मीटरला १ अधिक ६०० भागिले ६३७१०००, म्हणजे १.००००९४. रेखावृत्तापासून १० किलोमीटरवर जास्तीची ताण किलोमीटरला साधारण १ मिलिमीटर येते, ३० किलोमीटरवर ११ मिलिमीटर. ७० किलोमीटरच्या रस्त्याला हे सुखाने चालतं. रस्ता पूर्व-पश्चिम खूप लांब असेल तर लँबर्ट शंकू प्रक्षेपण पाहा. फॉल्स ईस्टिंग आणि नॉर्दिंग असे घ्या की यूटीएमशी गल्लत होणार नाही, उदाहरणार्थ ५०००० आणि २०००००.

रस्ता २०० मीटरवरून ९०० मीटरवर चढत असेल तर एकच प्रमाण पुरत नाही. ७०० मीटरच्या चढाने किलोमीटरला ११ सेंटिमीटर फरक पडतो. अशा वेळी टप्पे पाडावे लागतात, किंवा मार्गाबरोबर वळणारी ग्रिड घ्यावी लागते. ब्रिटनमधल्या लांब रेल्वेमार्गांसाठी वापरलेली स्नेकग्रिड याच जातीची.

प्रक्षेपण ठरलं की मध्य रेखावृत्त, आरंभीचा अक्षांश, प्रमाण, फॉल्स ईस्टिंग, फॉल्स नॉर्दिंग, डेटम आणि एकक हे सात तपशील एका पानावर लिहा. त्याखाली तीन कंट्रोल पॉइंटचे अक्षांश-रेखांश आणि नव्या ग्रिडचे निर्देशक शेजारी शेजारी द्या. ज्याला हे पान मिळेल त्याने आपल्या सॉफ्टवेअरमध्ये प्रक्षेपण भरून तीनही बिंदू मिलिमीटरपर्यंत काढून दाखवावेत, आणि मगच त्याला मॉडेल द्यावं.

प्रश्न : जुन्या कंट्रोल पॉइंटवर नवी जीएनएसएस दुरुस्ती सेवा लावली तर सगळे बिंदू एकाच दिशेला सारखेच सरकलेले दिसतात. पाया खचला असेल का? — एक प्रकल्प व्यवस्थापक

उत्तर : सगळे बिंदू एकाच दिशेला, एकाच अंतराने सरकले असतील तर पाया खचल्याचं ते लक्षण नाही. खचताना बिंदू वेगवेगळे हलतात. तुमच्याकडे बहुधा संदर्भ चौकट किंवा तिची तारीख बदलली आहे. भूपट्ट सरकत असतात. ऑस्ट्रेलियाचा वर्षाला सुमारे ७ सेंटिमीटर सरकतो, आणि म्हणूनच तिथला १९९४ चा डेटम २०२० च्या डेटमवर नेताना निर्देशक सुमारे १.८ मीटरने बदलले. तुमची जुनी सेवा एका वर्षाच्या स्थितीत निर्देशक देत होती आणि नवी दुसऱ्या वर्षाच्या.

नव्या सेवेकडून चौकटीचं नाव आणि वर्ष मागून घ्या. काम अर्ध्यावर असेल तर मॉडेल हलवू नका. साइटच्या जुन्या कंट्रोल पॉइंटवर नव्या यंत्राचं कॅलिब्रेशन करा. त्यासाठी साइटच्या कडेने पसरलेले किमान चार बिंदू घ्या आणि प्रत्येकावरचा उरलेला फरक नोंदवा. तीन बिंदूंवर ५ ते ८ मिलिमीटर आणि चौथ्यावर ४० आला तर तो चौथा बिंदू खरोखरच हलला आहे. बहुतेकदा एखाद्या यंत्राचा धक्का लागलेला असतो. त्याला हिशोबातून काढा, जमिनीवर लाल रंगाने खूण करा आणि पुन्हा मोजा.